आत्याच्या कॅसेट आणि वह्या : कामाच्या नोंदी

रविवार, ८ जून २०२५

करी रोडला उतरून आत्याच्या खोलीवर. बाबा आधीच येऊन माळ्याखाली स्टूल मांडून बसले होते. चाळ पुनर्विकासात जातेय, ऑक्टोबरअखेर खोली रिकामी करून द्यायची आहे. आत्या गेल्या वर्षी कोजागरीच्या आदल्या दिवशी गेली. तेव्हापासून कुलूपच होतं, त्यामुळे आत पावसाळी ओल आणि डांबरगोळ्या असा मिश्र वास.

माळ्यावरून निघालं ते असं: पितळेचे दोन मोठे टोप (आजीच्या खानावळीतले), एक टू-इन-वन (रेडिओ आणि कॅसेट प्लेअर एकत्र), बिस्किटांच्या पत्र्याच्या तीन डब्यांत मिळून ४१ कॅसेट, आणि जुन्या धोतराच्या फडक्यात बांधलेल्या ११ लांब वह्या. वह्या आज सोडल्या नाहीत.

बाबांचं म्हणणं, वर्षाच्या कार्यक्रमाला एक स्मरणिका काढायची. ताईने इतकी माणसं सावरली, लोकांना कळू दे. दोनशे प्रती, आत तिचे फोटो आणि 'तिच्या गाजलेल्या केसेस'. मी हो म्हटलं. मलाही तेव्हा ते बरोबरच वाटलं.

ऑफिसात क्लेमच्या फाइलला रोजची नोंद ठेवायची सवय आहे. तारीख टाकल्याशिवाय काम केल्यासारखं वाटत नाही, म्हणून ही वही.

शनिवार, १४ जून

टू-इन-वन उघडला. आतला रबरी पट्टा वितळून पुलीवर डांबर होऊन बसला होता. लॅमिंग्टन रोडला गेले (डॉ. भडकमकर मार्ग फक्त पाटीवर). तिसऱ्या दुकानातल्या काकांनी जुना पट्टा मागितला. तो चिमटीत धरण्याच्या लायकीचा उरलाच नव्हता, म्हटल्यावर त्यांनी पुलीचा फोटो बघून अंदाजाने तीन मापांचे पट्टे दिले. दुसरा बसला.

हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसलं. कापसाच्या काड्या तपकिरी होत राहिल्या, अकराव्या काडीला पांढरी आली.

हिशोब: ६० मिनिटांच्या ३० कॅसेट, ९० मिनिटांच्या ११. एकूण ४६ तास ३० मिनिटं. यात घाई चालत नाही, कॅसेट जेवढ्या वेळाची तेवढाच वेळ लागतो. रेकॉर्डिंग मोनो आहे, तेव्हा सगळं मिळून पंधरा जीबीच्या आत बसेल. ऑडॅसिटीत (आवाज भरून घ्यायचं सॉफ्टवेअर) ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट. तज्ज्ञ यापेक्षा वरचं सांगतात, पण मूळ आवाज एका खोलीतल्या एका स्वस्त माइकचा आहे.

रविवार, १५ जून

पहिली कॅसेट लावली आणि पन्नास हर्ट्झची घरघर. लॅपटॉपचा चार्जर काढला तर गेली. पुढे पंखा, खाली कुणाचा तरी कुकर, आणि मग आत्या: "मागच्या बाकावरच्या, ऐकू येतंय ना? नसेल तर पुढे या, मी ओरडणार नाही."

मी थांबवलं. बाबा स्वयंपाकघरात होते, त्यांना हाक मारली नाही. थोड्या वेळाने तेच दारात येऊन उभे राहिलेले दिसले.

रविवार, २२ जून

आत्तापर्यंत सहा कॅसेट. चारचौघांपुढे ऐकायला हरकत नाही अशाच आहेत. आत्या महापालिकेच्या रुग्णालयात समाजसेविका होती, १९७४ ते २००६. शिवाय मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी एका शाळेच्या वर्गात बसायची, फुकट. तिथे मदतीला येणाऱ्या बायकांना ती दर दोन वर्षांनी तयार करायची, त्या वर्गांच्या या कॅसेट. १९९१ ते २००३.

कॅसेट ४, बाजू अ, आठव्या मिनिटापासून जसंच्या तसं:

"आपल्या कामाला आता समुपदेशन म्हणतात. शब्द चांगला आहे, पण त्याच्या पोटात उपदेश आहे, आणि तेवढाच करायचा नाही. उपदेश करणारे तिच्या घरी आहेत. सासू आहे, दीर आहे, देवळातल्या बाई आहेत. त्या सगळ्यांचं ऐकून ती आपल्याकडे आली. आता आपणही तेच केलं तर तिचं बसभाडं वाया."

मागे हशा. मग कुणीतरी विचारतं, मग करायचं काय? आत्या म्हणते, "आधी पाणी द्यायचं. मग गप्प बसायचं. गप्प बसताना घड्याळाकडे बघायचं नाही."

समाजकार्याचं शिक्षण तिने निर्मला निकेतनला घेतलं. पण हे बसभाड्याचं तिथलं नसावं, हे आजीकडून आलेलं.

रविवार, ६ जुलै, आषाढी

बाबांना उपास, त्यामुळे सकाळी काम, दुपारी साबुदाण्याची खिचडी, आणि मग त्यांनी जे सांगितलं ते इथे लिहून ठेवते. स्मरणिकेत घ्यायला हे चालेल, हे आमचंच आहे.

आजोबा गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे मागांवर. आजी त्या दहा बाय बाराच्या खोलीत आठ जणांची खानावळ चालवायची. गावाकडून एकटे आलेले कामगार, पाळीप्रमाणे जेवायला यायचे. किराणा उधार, आणि उधारीवर सावकारी व्याज. १९७५ साली प्रेमाताई पुरवांनी अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं, खानावळवाल्या बायकांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. आजीने त्यातून घेतलं. अर्जावर सही करायची होती, ती तिला आत्याने तीन रात्री बसून शिकवली. बाबा म्हणतात, त्या तीन रात्री सोडल्या तर आईला त्यांनी कधी पाटीवर वाकलेलं पाहिलं नाही.

मग १८ जानेवारी १९८२. डॉ. दत्ता सामंतांच्या हाकेवर अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार बाहेर पडले. संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही, तो विरत गेला. खानावळीतले मेंबर एकेक करून गावी परतले. आजोबा घरी. बाबा म्हणाले, "भोंग्यावर उठणारा माणूस भोंगा बंद झाला तरी त्याच वेळेला उठतो. उठून करणार काय?" चाळीत दारू वाढली, मारहाण वाढली. आत्या तेव्हा चौतीस वर्षांची, पगार असलेली घरातली एकटी. रुग्णालयातून घरी आली की गॅलरीत कुणीतरी बाई तिची वाट बघत उभी असायची. शाळेचा वर्ग मागून घेतला तो यामुळे. गॅलरीत उभी राहिलेली बाई सगळ्या चाळीला दिसते.

रविवार, १३ जुलै

कॅसेट ११ ते १४. पांढरी बुरशी होती. कोरड्या ब्रशने बाहेरूनच काढली. कॅसेट १२ चं दाबपॅड (टेप हेडवर दाबून धरणारी छोटी गादी) निखळलेलं, दुसऱ्या कोऱ्या कॅसेटमधलं उचलून बसवलं. ही कवचं स्क्रूची नाहीत, चिकटवलेली आहेत, ब्लेडने उघडताना एक कोपरा मोडला. पेन्सिलीने रीळ घट्ट करण्याची कला अजून हातात आहे, हे बघून भाचरं थक्क.

कॅसेट १३ (लेबल: 'रिपोर्ट सांगणे, ९६') दोनदा ऐकली. एचआयव्हीच्या तपासणीचा रिपोर्ट कसा सांगायचा. त्या वर्षी औषध बाहेर देशात होतं, परळच्या माणसाच्या खिशात नव्हतं. सरकारी रुग्णालयांतून ते मोफत मिळायला १ एप्रिल २००४ उजाडला, तेही आधी निवडक ठिकाणी. म्हणजे आत्या जवळजवळ दहा वर्षं अशी बातमी सांगत होती की जिच्यापुढे 'आता हे घ्या' असं काही नव्हतं.

उतरवून घेतलेलं:

"कागद आधी पुढे करायचा नाही. कागद दिसला की माणूस वाचायला लागतो, मग आपलं ऐकत नाही. आधी त्याला बसू दे. 'तपासणीत लागण आहे असं आलंय', एवढं एक वाक्य. त्याच्यापुढे लगेच 'पण' लावायचा नाही. आपल्याला घाई असते 'पण' म्हणायची, कारण आपल्यालाच सहन होत नाही."

आणि थोडं पुढे:

"जाताना तीन गोष्टी विचारायच्या. कुठली गाडी पकडणार. सोबत कोण. घरात शिरल्यावर पहिलं तोंड कुणाचं दिसणार. आणि मनात मरायचं येतंय का, तेही सरळ विचारायचं. आपण विचारल्याने ते कुणाला सुचत नाही. सुचलेलं असतं, विचारल्यावर बोलता येतं."

हे पान स्मरणिकेत जाणार. यात कुणाचं नाव नाही, गाव नाही.

शनिवार, २६ जुलै

२००५ च्या पावसाला वीस वर्षं. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर. त्या रात्री आत्या रुग्णालयातच राहिली होती, दुसऱ्या दिवशी दुपारी आली आणि आधी माझ्या आईला फोन करून विचारलं, तांदूळ आहेत का. एवढंच आठवतं. आज काम नाही, सर्दी.

रविवार, ३ ऑगस्ट

वह्या सोडल्या. फार उशिरा लिहितेय ही नोंद, पण आजच लिहायला हवी.

१९८७ पासूनच्या आहेत. आधीच्या नाहीत. प्रत्येक ओळीला तारीख, आद्याक्षर, दोन-तीन वाक्यं, पुढची वेळ. आत्याचं अक्षर सुटं, डावीकडे झुकलेलं. वाक्यं त्रोटक: 'मुलगा बाहेर ठेवून आली.' 'अंगठी नाही.' 'नवऱ्याबद्दल एक शब्द नाही, म्हशीबद्दल अर्धा तास.' रुग्णालयातल्या भाजलेल्या बायकांपैकी जी जगून पुढे संध्याकाळी यायची, तिच्या पहिल्या ओळीत कित्येकदा एकच शब्द: 'स्टोव्ह?' प्रश्नचिन्हासकट. जबाबात प्रत्येकीचा स्टोव्ह भडकलेला असायचा. सासरच्या छळाविरुद्धचं कलम ४९८-अ १९८३ साली आलं. १९८४ साली टाटा इन्स्टिट्यूटने पोलिस आयुक्तांच्या कार्यालयात महिलांसाठी विशेष कक्ष काढला. आत्याने तिकडे काहींना पाठवलेलं दिसतं. तरी ते प्रश्नचिन्ह २००१ च्या वहीतही आहे.

विष घेतलेल्यांचं आणखी वेगळं. सगळे 'चुकून' प्यायलेले, कारण खरं सांगितलं तर आत्महत्येच्या प्रयत्नाचं कलम ३०९, त्याखाली पोलिस केस. मानसिक आरोग्याचा २०१७ चा कायदा पुढच्या वर्षी मे महिन्यात लागू झाला आणि असा माणूस तीव्र ताणाखाली होता असं धरायचं ठरलं, तेव्हा आत्या निवृत्त होऊन बारा वर्षं झाली होती. तिने मला ऑफिसात फोन करून ती बातमी मोठ्याने वाचून दाखवली होती. मी मीटिंगमध्ये होते, 'नंतर करते' म्हणाले. नंतर केला का, आठवत नाही.

तर आज. मी वाचत होते, बाबा माझ्या मागे चष्मा पुसत उभे. १९८९ ची वही. म्हणाले, "हे स्मरणिकेला घेऊ. नाव कुठेय? आद्याक्षरंच आहेत. कुणाला काय कळतंय." आणि बोट ठेवलं एका ओळीवर. 'ल., नवरा बदली कामगार, दोन मुली, तिसऱ्या वेळी...' पुढचं मी इथे लिहीत नाही.

बाबांचं बोट तिथेच राहिलं. मग ते म्हणाले, "ही तर आपली समोरची..." आणि थांबले.

समोरच्यांचा मुलगा म्हणजे बाबांचा पन्नास वर्षांचा मित्र. बाबा रोज संध्याकाळी ज्याच्याशी फोनवर बोलतात तो. त्याची आई कशातून गेली हे त्याला माहीत नाही, आणि आज दुपारी सव्वातीनला ते बाबांना कळलं.

वही त्यांनीच मिटली. चहा केला, प्यायले नाहीत. परतताना गाडीत मुलुंडपर्यंत गप्प. उतरताना म्हणाले, "चाळीत आद्याक्षर म्हणजे पूर्ण नावच की गं."

शनिवार, ९ ऑगस्ट, नारळी पौर्णिमा

बाबांच्या हातात राखी नाही. मी बांधू का विचारलं, तर म्हणाले, तू दादाला बांध. आईने नारळीभात केला.

रात्री एक गोष्ट केली, तिचा हिशोब इथे मांडायलाच हवा. वह्या मिटून ठेवायच्या ठरल्या होत्या. मी २००४ ची उघडली. माझं आद्याक्षर शोधलं. सगळी वही चाळली, नाही.

त्या वर्षी ठरलेलं लग्न मोडलं होतं आणि मी चार महिने खोलीबाहेर पडत नव्हते. आत्या यायची, माझ्या पलंगाच्या पायथ्याशी मटार सोलत बसायची. एकदा मी सगळं सांगायला सुरुवात केली, तर तिने हात वर केला. "मला नको सांगूस. मी तुझी आत्या आहे, मला राग येईल त्यांचा. तुला राग न येणारं माणूस हवं." दादरच्या एका बाईंचा पत्ता चिठ्ठीवर लिहून दिला, पहिल्या सहा वेळचे पैसे पाकिटात घातले. पहिल्या दिवशी बसने सोबत आली आणि एक स्टॉप आधीच उतरली. मी परत आले तेव्हा कोपऱ्यावरच्या हॉटेलात बसून होती, पुढे मिसळीची रिकामी ताटली. विचारलं फक्त, "तुला काय मागवू?"

इतकी वर्षं मी सांगत आले की आत्यानेच मला बाहेर काढलं. तिच्या वहीच्या हिशोबाने मी तिच्याकडे आलेलीच नाही.

मंगळवार, १९ ऑगस्ट

कालपासून पाऊस कोसळतोय. ऑफिसने घरी बसायला सांगितलं, गाड्या ठप्प, संध्याकाळी टीव्हीवर मोनोरेल मधेच अडकलेली आणि शिड्या लावून माणसं उतरवताना. कॅसेट घरी आणल्या होत्या ते बरं.

कॅसेट २३. लेबलवर तारीख सोडून काही नाही. मागचं प्लास्टिकचं पातं मोडलेलं, म्हणजे वर दुसरं काही रेकॉर्ड होऊ नये अशी तजवीज. लावली. हा वर्ग नाही. एक बाई बोलतेय. सुरुवातीला आत्या विचारते, "शिकवण्यापुरतं ठेवू ना? चालेल?" बाई "हं" म्हणते. पुढचं मी मिनिट दीड मिनिट ऐकलं, तिने आपल्या गावाचं नाव घेतलं तिथे बंद केलं.

परवानगी आहे. पण दिली होती आत्याला, शिकवण्यापुरती. शिकवणारी गेली.

दुपारभर चालढकल. मग पातं मोडलेल्या खाचेवर सेलोटेप लावली. पूर्वी घरच्या कॅसेटवर गाणी भरायला आम्ही हेच करायचो. माइकच्या जागी नुसती पिन खुपसली, म्हणजे आत कुठलाच आवाज जायला नको, आणि रेकॉर्डचं बटण दाबलं. अ बाजू ३० मिनिटं, ब बाजू ३०. मधे उलटताना हात ओले होते म्हणून फ्रॉकला पुसावेत तसे ओढणीला पुसले. पुढच्या तासाभरात मी दुसरं काहीच केलं नाही, पुस्तकही घेतलं नाही. नंतर लावून तपासली: फक्त सूं.

संगणकावरची दीड मिनिटाची फाइलही काढली, कचराटोपलीतूनही.

बुधवार, २७ ऑगस्ट

गणपती. आता अनंत चतुर्दशी होईपर्यंत लालबागला पाय ठेवायला जागा नाही. काम बंद.

शनिवार, १३ सप्टेंबर

बाईंकडे प्रभादेवीला. (आत्याबरोबर संध्याकाळच्या वर्गात वीस वर्षं बसत होत्या. आम्ही सगळे त्यांना नुसतं बाई म्हणतो, वय ८१.) वह्यांचं गाठोडं बरोबर, म्हणून टॅक्सी केली, आणि नेमका एल्फिन्स्टनचा पूल काल रात्रीपासून बंद. टिळक पुलावरून वळसा. टॅक्सीवाला शिवडी-वरळी जोडरस्त्याबद्दल दादरपर्यंत बोलत होता.

बाईंना मी विचारलं, काय करू. जपून ठेवू, एखाद्या संस्थेला देऊ, पन्नास वर्षं सीलबंद? त्यांनी गाठोड्याला हात लावला नाही. म्हणाल्या, "मला काय विचारतेस? ती दर दिवाळीला काय करायची, माहीत नाही तुला?"

नव्हतं माहीत. दिवाळीच्या साफसफाईत आत्या सर्वांत जुनी वही बादलीत भिजवायची. जाळायची नाही, कारण धूर दिसला की चाळ विचारते. भिजवून, लगदा करून, गोळे वाळवून बंबात घालायची. २००६ नंतर नवीन वही झाली नाही, आणि मग गुडघे गेले, माळ्यावर चढता येईना. उरल्या त्या या अकरा. जपून ठेवलेल्या नाहीत, राहून गेलेल्या.

मी इतके दिवस त्यांना तिचा वारसा म्हणत होते.

आणखी एक सांगितलं बाईंनी. कुटुंब न्यायालयाच्या महाराष्ट्रातल्या नियमांत समुपदेशकापुढे बोललेलं गोपनीय धरतात, दोन्ही बाजूंच्या संमतीशिवाय ते कोर्टातही उघड करायला लावता येत नाही. आत्या त्या कोर्टात नोकरीला कधीच नव्हती. पण मुंबईत १९८९ ला ते सुरू झालं तेव्हा तिने तो नियम हाताने उतरवून वर्गातल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवला होता. "आपल्याला कुणी विचारणार नाही, म्हणून तर आपणच पाळायचा," असं म्हणायची.

जाता जाता मी एक मागून घेतलं. वहीच्या उजव्या कडेला एक बारीकसा रकाना आहे, वर 'च' लिहिलेलं. त्यात पू, अ किंवा फुली. तो तेवढा उतरवून घेऊ का? बाई म्हणाल्या, तारखा नकोत, वर्षं चालतील.

शुक्रवार, १९ सप्टेंबर

चार रात्री रकाना उतरवला. पानाच्या डाव्या बाजूवर पट्टी ठेवून, म्हणजे नजर जायला नको. ११ वह्या, २,३१६ ओळी. च म्हणजे चहा, यात शंका नाही. पू पूर्ण, अ अर्धा, फुली म्हणजे घेतलाच नाही.

मला एकदम सापडल्यासारखं झालं. नव्या वेळेला बहुतेक फुली. मग अ. मग पू येतो आणि थोड्याच दिवसांत ते येणं थांबतं. आत्या माणूस किती सावरला ते चहावरून मोजत होती! उत्साहात बाबांना एक्सेलचा तक्ता दाखवला, रंग भरून. त्यांना तो फार आवडला. म्हणाले, मलपृष्ठावर हाच घे.

रविवार, २१ सप्टेंबर, सर्वपित्री

पान ठेवून झाल्यावर बाबांनी धोतर वर खोचलं आणि बाथरूममध्ये दोन बादल्या मांडल्या. मी करते म्हटलं तर ऐकेनात. आधी पुठ्ठे आणि पिना काढल्या. मग वीस-वीस पानं फाडून पाण्यात. शाई बॉलपेनची, ती विरघळत नाही. अक्षरं तशीच तरंगत राहतात, कागद मऊ होतो तेव्हा कुठे तुटतात. म्हणून हाताने कुस्करावं लागतं. बाबा डोळे मिटून कुस्करत होते. मला वाटलं थकले, मग कळलं की वाचलं जाऊ नये म्हणून.

चौथ्या वहीनंतर मी बसले, ते उठले. संध्याकाळी गॅलरीत पेपरवर राखाडी-निळे गोळे, छोट्या नारळाएवढे, ४७. शेजारच्या काकूंनी विचारलं, काय गं, गणपती करताय की काय? आई म्हणाली, कुंड्यांना घालायला.

रविवार, २८ सप्टेंबर

स्मरणिका १६ पानी झाली. आजीची खानावळ, संप, कॅसेट ४ आणि १३ मधले उतारे, आठ फोटो. दोनशेऐवजी शंभर प्रती. बाबांना पानं कमी वाटतात, पण 'गाजलेल्या केसेस' हा शब्द त्यांनी पुन्हा काढला नाही.

मलपृष्ठाचा तक्ता बाईंना फोनवर वाचून दाखवला. पलीकडे शांतता, मग खोकला, मग हसणं. "अगं, तो हॉटेलवाल्याचा हिशोब! महिन्याच्या महिन्याला द्यायचे ना पैसे. पू म्हणजे पूर्ण चहा, अ म्हणजे कटिंग."

आणि फुली? "आलेला, पण प्यायला नाही तो. पोऱ्या गार झालेला ग्लास परत न्यायचा. हॉटेलवाला म्हणायचा पूर्ण पैसे, ही म्हणायची अर्धे. वर्षानुवर्षं भांडल्या त्यावरून." मग जरा थांबून म्हणाल्या, "नव्या बाया प्यायच्या नाहीत हे खरं आहे पण. बिचाऱ्यांना वाटायचं, चहाचे पैसे पडतील."

तक्ता काढला. मलपृष्ठ कोरं जाईल.

रविवार, ५ ऑक्टोबर

कार्यक्रम चाळीच्या मधल्या पटांगणात, सकाळी साडेदहा. खुर्च्या ८०, माणसं त्याहून जास्त. बाबा तीन मिनिटं बोलले, त्यातली दोन आजीच्या सहीवर. समोरच्यांचा मुलगा पहिल्या रांगेत, बाबांनी त्याच्याकडे बघून कागद घडी केला आणि उरलेलं तोंडी संपवलं. कॅसेट ४ स्पीकरवर लावली. बसभाड्यावर लोक हसले, तिथे १९९१ मधलेही हसले.

अनोळखी चेहरे बरेच होते. हजेरीची वही मुद्दाम ठेवली नव्हती. दादाला ते खटकलं, पुण्याहून आलेल्याला कोण कोण आलं ते हवं होतं.

सगळं आवरत असताना साठीच्या एक बाई माझ्याजवळ आल्या. गळ्यापासून हनुवटीपर्यंत जुन्या भाजल्याची कातडी. नाव सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

"त्यांच्या वह्या असायच्या," त्या म्हणाल्या.

"भिजवल्या. लगदा केला."

"सगळ्या?"

"अकराच्या अकरा."

त्यांनी मान हलवली. मी चहा पुढे केला, तर म्हणाल्या, "नको गं, ॲसिडिटी होते मला." स्मरणिकेच्या दोन प्रती घेतल्या, एक कुणासाठी ते सांगितलं नाही, आणि करी रोडच्या दिशेने गेल्या.

राहिलेलं काम: खोलीची किल्ली बुधवारी सोसायटीला द्यायची. ४० कॅसेटच्या फाइली बाईंना पेनड्राइव्हवर. टोप कोण नेणार ते ठरलेलं नाही, आई म्हणते मुलुंडच्या घरात जागा नाही. चहा १३० कप सांगितला होता, ९ परत गेले. चहावाला पूर्ण पैसे मागतोय, बाबा त्याच्याशी बोलतायत.